एकतिसावी ओळ

"थोरवेताई, तुमच्या गावात कुणाला ताप येत नाही का?"

बिराजदार सरांनी विचारलं, तशी वर्गातली वीस-बावीस डोकी माझ्याकडे वळली. रविवारची दुपार होती. अभ्यासकेंद्राच्या त्या पत्र्याच्या खोलीत पंखा नुसता आवाज करत होता, वारा वरच्या वरच राहत होता. डब्यातली भाकरी खाऊन मी पेंगुळले होते.

"येतो की सर," मी म्हणाले.

"मग तुमच्या वहीत का येत नाही?"

पुढच्या बाकावरचे भगवानराव हसले. नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर नोकरीला होते, पन्नाशीला टेकलेले. ते हसले म्हणून बाकीचे हसले.

सरांनी माझा प्रकल्प उघडून सगळ्यांसमोर धरला. मी अंगणवाडीतल्या मुलांची वजनं आणली होती. तीन ते सहा वर्षांची एकतीस मुलं, बारा महिने. लाल शाईच्या रेघा, निळे आकडे, चार रात्री जागून केलेला तक्ता. पहिल्या पानावर फूलसुद्धा काढलं होतं.

"तीनशे बहात्तर आकडे," सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमी असायचा तसाच, घसा बसल्यासारखा. "आणि एकही पोरगं एकदाही खाली आलेलं नाही. जुलाब नाहीत, गोवर नाही, मामाच्या गावाला जाऊन उपाशी परत आलं नाही. दर महिन्याला प्रत्येक जण दोनशे ग्रॅम वर. खरं मोजमाप डोंगरावरच्या पायवाटेसारखं असतं, ताई. चढतं, घसरतं, पुन्हा चढतं. तुमचा हा जिना झालाय."

"आमची पोरं शिस्तीची असतील," मी म्हणाले. पुन्हा हशा झाला, पण या खेपेला माझ्या बाजूनं.

सर हसले नाहीत. वही मिटून माझ्या बाकावर ठेवली. "हे मला घेता येणार नाही. खरे आकडे आणा, नाहीतर विषय बदला. पावसाचे घ्या, एसटीच्या वेळांचे घ्या. पंधरा दिवस आहेत."

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली.

त्या विषयाचं नाव होतं 'गणिती विचार आणि सांख्यिकीची ओळख'. पदवीचे बाकीचे सगळे पेपर मी एका दमात सोडवले होते, हाच एक दोनदा राहिला होता. मी चव्वेचाळीस वर्षांची होते. पंचेचाळिशीच्या आत पदवी हातात असली तर अंगणवाडी सेविकेला मुख्यसेविका होता यायचं. मुख्यसेविकेच्या हाताखाली तीस अंगणवाड्या. तिच्या हातात पळी नसते, पेन असतं. दोन मुलींना एकटीनं वाढवता वाढवता माझी कंबर वाकायला आली होती आणि त्या पेनासाठी मी तीन वर्षं दर रविवारी पहाटेची एसटी धरत होते. प्रकल्पाला वीस मार्क होते. तो गेला की पेपर गेला, पेपर गेला की वय गेलं.

तास संपल्यावर मी नळावर गेले, तर सर तिथं तोंडावर पाणी मारत होते. तासाच्या हिशोबानं चार कॉलेजांत शिकवायचे. मोटरसायकलवर आठवडाभर हिंडून रविवारी आमच्याकडे. शर्टाच्या खिशात खडू आणि डोळ्यांखाली काळं.

"सर, काटा मोडलाय," मी म्हणाले.

"कसला?"

"वजनाचा. झोळीत बसवून हुकाला टांगायचा असतो ना, तो. स्प्रिंग गेली, वर्ष झालं. मागणी केलीय, येईल म्हणतात. आणि खरं सांगू का, आयांना तो काटा नकोच असतो. लेकराला टांगू नये म्हणतात. वजन मोठ्यानं बोलू नये म्हणतात, दृष्ट लागते. माझ्या सासूच्या काळापासून आमच्या वाडीत आकडा सांगत नाहीत. 'फुलाचं आहे' एवढंच म्हणायचं. काटा मोडला तशा बायका सुटल्यासारख्या झाल्या."

"मग तुम्ही लिहिता कशावरून?"

"हातावरून. अंगणवाडीचा ओटा उंच आहे, रोज एकेकाला उचलून वर घेते. माझ्या हाताला कळतं."

सरांनी माझ्या हातांकडे पाहिलं. रुमालानं तोंड पुसलं, रुमालाची नीट घडी घातली. "गावात दूध डेअरी आहे?"

"आहे."

"तिथं काटा असेल. मुलाला कशाला ठेवता त्यावर? आईला उभं करा, मूल कडेवर. मग एकटीला उभं करा. वजाबाकी तर येते तुम्हाला."

मी नळ बंद केला.

"मुलाचा आकडा कुठं दिसणारही नाही," सर म्हणाले. "बोलायलाही नको."

विषय बदलायचा म्हटला असता तर बदलता आला असता. स्टँडवर बसून एसटीच्या वेळा लिहिल्या असत्या, चहा प्यायले असते. पण वर्ग हसला होता ते मला लागलं होतं. वीस वर्षं मी त्या ओट्यावर वाकत होते आणि भगवानराव टाकीतलं पाणी मोजून मला हसत होते. मी म्हटलं, आणतेच तुम्हाला खरे आकडे.

* * *

धामणवाडीची डेअरी सकाळी आठला रिकामी व्हायची. कॅन टेम्पोत चढले की फरशी धुवायचे, आणि त्या ओल्या फरशीवर तो काटा दिव्यासारखा चमकत राहायचा. एका मंगळवारी मी तिथं सगळ्या आयांना बोलावलं. माझी मदतनीस यमुनाबाई दारात उभी राहून एकेकीला आत सोडत होती.

बायकांना गंमत वाटली. त्यांचं स्वतःचं वजन कुणी कधी केलं नव्हतं.

"माझं किती भरलं गं बाई?"

"बावन्न."

"बावन्न? मग दाल्ला का म्हणतो वाळलीस म्हणून?"

"त्येला दिसंना झालंय, डोळं तपासून घे त्येचं," यमुनाबाई म्हणाली, आणि डेअरीभर हसू सांडलं. यमुनाबाईला ओव्या जोडायचा नाद. फरशीवर चवड्यांवर बसून तिनं तिथल्या तिथं सूर धरला:

काट्यावर उभी बाई, काटा माझा भार सांगं,
कडेचं फूल माझं, त्याचा हिशोब कोण मागं.

मी मागत होते. दोन आकडे लिहायचे, खाली रेघ मारायची, वजा करायचं. आईसकट मूल, वजा आई. मुलाच्या आकड्याला दृष्ट लावायला कुणाला काही दिसत नव्हतं, फक्त माझ्या वहीत ते उतरत होतं. आणि सर म्हणाले तसंच होतं. कुणी किलोभर वर, कुणी किलोभर खाली. पाटलांचा गोट्या मी लिहिला होता त्याहून दीड किलो जड. जिना मोडत चालला होता, पायवाट दिसत होती. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

शेवटाला तानू आली. वाडीच्या वरच्या अंगाला राहणारी, पंचविशीची. पाठीवर चार महिन्यांचं तान्हं बांधलेलं आणि कडेवर थोरली रेशमा. रेशमाला नुकतं तिसरं संपलं होतं, पण अंगणवाडीत ती वर्षभर आधीपासूनच येत होती. एकावर एक दोन झगे, वर बापाच्या जुन्या शर्टाचं केलेलं झबलं. तान्हं यमुनाबाईनं घेतलं. झबलं आणि वरचा झगा मी काढायला लावला. तानू रेशमाला घेऊन काट्यावर चढली.

सत्तेचाळीस किलो शंभर ग्रॅम. मग एकटी. अडतीस दोनशे.

मी वजाबाकी केली. पुन्हा केली. मग म्हणाले, "परत एकदा चढ गं."

"का? काटा मोडला का माज्या वजनानं?"

"चढ तू."

तीनदा चढवली. तिन्ही खेपेला आठ किलो नऊशे.

माझ्या रजिस्टरात रेशमापुढं गेल्याच महिन्यात अकरा आठशे लिहिलेलं होतं. हिरव्या पट्ट्यात. अंगणवाडीच्या तक्त्यावर तीन रंग असतात. हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे लक्ष द्या, आणि लाल म्हणजे आजच्या आज दवाखाना. तिसरं संपलेल्या मुलीला आठ नऊशे म्हणजे लाल, तेही रेघेच्या बरंच खाली. मी मागची पानं उलटली. काटा मोडायच्या आधी केलेलं शेवटचं खरं वजन नऊ चारशे होतं. त्यावर मी बारा महिने दोनशे-दोनशे चढवत गेले होते, आणि पोरगी खाली उतरत गेली होती.

तानू माझ्या तोंडाकडं बघत होती. "फुलाचं हाय न्हवं?"

"हो," मी म्हणाले. "फुलाचं."

त्या दिवशी खिचडी वाटताना रेशमाला दुप्पट वाढली. तिनं चार घास खाल्ले आणि ताटली ढकलली. मी मनाशी म्हटलं, पावसापासून खोकतेय, बरी होईल. पाठीवर भावंड झालं की थोरलं सुकतंच. पुढच्या महिन्यात बघू. असली वाक्यं दमलेल्या माणसाला लवकर सापडतात.

* * *

रात्री प्रकल्पाचा तक्ता मांडला. तीस मुलं नीट बसली. एकतिसावी ओळ तेवढी खाली एकटी पडली होती.

आमच्या पुस्तकात एक धडा होता. सगळ्या आकड्यांपासून फार लांब पडलेला एखादा आकडा असेल तर त्याला अपवाद म्हणायचं, आणि कारण देऊन तो गणितातून बाजूला ठेवता येतो. मी तो धडा तीनदा वाचला. रेशमाला धरून सरासरी तेरा पूर्णांक तीन येत होती, तिला सोडून तेरा पूर्णांक चार. एवढासा फरक. मी पट्टी घेतली आणि एकतिसाव्या ओळीवर आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली.

रविवारी सरांनी पानं उलटली आणि पहिल्यांदाच मान हलवली. "हं. आता ही माणसांची पोरं दिसतायत." मग थांबले. "ही खोडलेली कोण?"

"अपवाद आहे सर. पुस्तकात दिलंय तसं."

"कारणाचा रकाना रिकामा आहे."

"काय लिहू?"

वर्ग सुटला होता. बाकीचे स्टँडकडे गेले होते. सर खुर्ची ओढून बसले आणि बोटांवर मोजत म्हणाले, "तीनच कारणं चालतात. एक, मापात चूक. किती वेळा तोललं?"

"तीनदा."

"आकडा बदलला?"

"नाही."

"दोन, लिहिण्यात चूक. वजाबाकी दाखवा." त्यांनी स्वतः करून पाहिली. "बरोबर आहे. मग तिसरं राहतं. ती वस्तू त्या समूहातली नाही. चुकून दुसरीकडून आलीय." त्यांनी वर पाहिलं. "ही पोरगी तुमच्या वाडीतली नाही का?"

मी पट्टीनं मारलेल्या त्या रेघेकडं पाहिलं.

"सरासरीला तर काहीच होत नाही तिच्यानं," सर म्हणाले. "मग काढली कशाला?"

मी सगळं सांगितलं. रजिस्टरातला आकडा, हिरवा पट्टा, मुख्यसेविकेची जागा, सेवापुस्तकावर पडणारा शेरा. म्हटलं, एका महिन्यात तीन किलो कुणाचं उतरत नसतं सर, मी लिहिलं की पहिला प्रश्न मलाच येणार.

बाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं, तिचा आवाज येत होता. सरांनी लाल पेन काढलं.

"माझ्याकडे असले बेचाळीस प्रकल्प आहेत, ताई. त्यातले वीस एकमेकांचे बघून लिहिलेत. तुमचा खरा आहे, एक ओळ सोडून. आहे तसा ठेवा, मी चौदा देतो. पास व्हाल." त्यांनी पेन कागदावर टेकवलं. "गणिताचं म्हणाल तर एवढंच आहे, की ती ओळ खोडली तरी पोरगी तीन वर्षांची आणि आठ नऊशेचीच राहते. देऊ चौदा?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. हे मी लपवत नाही.

"नाव काय तिचं?" सरांनी सहज विचारलं, वरती नजर न करता.

"रेशमा," मी म्हणाले. आणि त्यानंतर हो म्हणता आलं नाही. मी त्यांच्या हाताखालून वही ओढून घेतली, रेघेच्या खाली ती ओळ पुन्हा लिहिली, आणि सरासरीतला चार खोडून तीन केला. निष्कर्षात लिहिलं: 'एकतीसपैकी एक बालक तीव्र कमी वजनाचे. मागील बारा महिन्यांची वजने सेविकेने न तोलता लिहिली होती.' खाली सही केली. सरांनी ते वाचलं, काही शेरा न देता वही पिशवीत टाकली आणि म्हणाले, "पाचची एसटी चुकेल तुमची."

* * *

दुसऱ्या दिवशी देशमानेमॅडमची भेट होती. आमच्या मुख्यसेविका. त्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्याच जागेवर माझा डोळा होता, हे त्यांना माहीत होतं. मनानं चांगल्या होत्या. गुडघे दुखायचे म्हणून ओट्यावर न चढता खालीच खुर्ची टाकून बसायच्या. मी रजिस्टर पुढं ठेवलं आणि डेअरीची वही.

दोन्ही बघून त्यांनी चष्मा काढला. "थोरवेबाई, हे काय करून ठेवलंत?"

"काट्याची मागणी केली होती मॅडम."

"मागणी सगळ्याच करतात. आणि लिहितातही सगळ्याच." त्यांनी आवाज खाली घेतला. "ऐका माझं. या महिन्यात अकरा पाचशे लिहा. पुढच्या महिन्यात दहा आठशे. पिवळ्यात आली की मग हळूहळू लालमध्ये घेऊ. तोवर नेमणुकांची यादी लागते. मग कुणी विचारत नाही."

"आणि पोरगी?"

"तिला तोवर खाऊ घाला की. अंडी द्या. मी कुठं नको म्हणते?"

"तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाल उपचार केंद्रात घ्यायचं तर रजिस्टरची नक्कल लागते मॅडम. लाल असल्याशिवाय घेत नाहीत."

मॅडमनी चष्म्याच्या काचा पदरानं पुसल्या. ओट्यावर मुलं कविता म्हणत होती, चिमणीची. "मला तुमच्यासारखी बाई या जागेवर हवी होती," त्या म्हणाल्या. "मी दमलेय हो. तुम्ही पण दमलाय. एवढं एक करा."

मी अकरा आठशेच्या पुढच्या घरात आठ नऊशे लिहिलं, निळ्या शाईनंच. शेजारी शेऱ्याचा रकाना होता. त्यात लिहिलं, 'बारा महिने वजन केले नाही. अंदाजे लिहिले.' मॅडमनी त्याखाली 'पाहिले' असं लिहून सही केली. त्यांना ते करावंच लागलं. उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "गेली तुमची जागा."

आणि गेलीच. पेपर सुटला, प्रकल्पाला सरांनी सोळा दिले, पदवीचं भेंडोळं घरी आलं. यादी लागली तेव्हा तीत माझं नाव नव्हतं, सेवापुस्तकात शेरा होता. मी सेविका म्हणूनच निवृत्त झाले.

* * *

पण मला जे आठवतं ते यादीचं नाही. बुधवारी मी तानूला आणि रेशमाला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तान्हं होतंच पाठीवर. तिथं भिंतीला लागून पाळण्यासारखा काटा होता. नर्सनं रेशमाचे कपडे काढले आणि तिला त्यात बसवलं. कपड्यांत ती कधी एवढी वाळलेली दिसली नव्हती. बरगड्या उघड्या पडलेल्या, पाठीचे मणी एकेक मोजावेत असे.

"आठ किलो आठशे पन्नास," नर्स मोठ्यानं म्हणाली, पलीकडच्या टेबलावर लिहिणाऱ्या पोरीला ऐकू जावं म्हणून. "वय तीन वर्षं. तीव्र."

तानूनं कान झाकायला हात उचलला होता, पण तो मध्येच राहिला. तिनं आकडा ऐकला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या लेकराचा आकडा तिच्या कानावर पडला होता.

"म्हंजी किती कमी?" तिनं नर्सला विचारलं.

"पाच किलो कमी, बाई. एवढं होईस्तवर काय करत होता?"

नर्स दुसऱ्या मुलाकडं वळली. रेशमाला भरती करून घेणार होते, खाट रिकामी होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. रेशमा तानूच्या मांडीवर डोळे मिटून पडली होती. तानू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, एकेका मण्यावर थांबत, हाताला पहिल्यांदाच काही सापडल्यासारखी.

मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, मी हिकडं तान्ह्यात गुतले. पर तुमी तर हिला रोज उचलत हुता."

"होय."

"तुमास्नी कळलं न्हाई?"

आठवडाभर मी याच प्रश्नापासून पळत होते. सरांनी विचारला नव्हता, मॅडमनी विचारला नव्हता. "रोज उचलत होते म्हणूनच कळलं नाही तानू," मी म्हणाले. "कालच्यापेक्षा आज एवढंसं हलकं, आजच्यापेक्षा उद्या एवढंसं. हाताला कालचंच आठवतं. वर्षापूर्वीचं आठवत नाही. आणि वहीत मी वाढलं म्हणून लिहीत गेले."

"न तोलता?"

"न तोलता."

तिनं पदरानं रेशमाचं कपाळ पुसलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त थोडी सरकून बसली, आमच्या दोघींमध्ये पिशवी मावेल एवढी.

"हितं रोज वजन करत्यात?"

"रोज सकाळी."

"आन् रोज सांगत्यात?"

"सांगतात. मी येत जाईन ना सकाळच्या गाडीनं. विचारून घेईन, तुला समजावून सांगेन."

"नगं," तानू म्हणाली. आवाज शांत होता, दमलेला. "तुमी नका सांगू बाई. मला नर्सबाईच सांगू द्या."

मी बरं म्हणाले. रेशमाचे दोन्ही झगे घडी करून बाकावर तिच्या डोक्याजवळ ठेवले आणि बाहेर पायरीवर येऊन बसले. परतीची गाडी साडेतीनला होती.